बिछान्यास खिळलेल्या रोग्याची शुश्रूषा

एका खेड्यांत एक वृद्ध शेतकरी राहत असे. साठी उलटली तरी स्वतः नांगर धरणारा, अंगानें धडधाकट असा तो गृहस्थ होता. एके दिवशीं पहाटे उठतांना त्याचा उजवा हात व उजवा पाय लुळा पडला, तोंड वांकडें झालें आणि वाचा गेली. घरच्यांनीं त्यास इस्पितळांत नेलें. तेथें दहा दिवस ठेवून, प्राणावरचें संकट टळल्यावर, त्यास घरीं पाठविण्यांत आलें. मुलांनीं मधल्या खोलींत खाट मांडली, तिजवर नवी गादी घातली, आणि थोरल्या सुनेनें सेवेचा सर्व भार आपणाकडे घेतला. ती वेळच्या वेळीं पेज भरवी, तोंड पुशी, कपडे धुई. मात्र "मामंजींना हलविलें तर त्रास होईल" म्हणून ती त्यांस उताणेंच निजूं देई. शेजारीपाजारी येत, आणि "विश्रांति चांगली मिळते आहे" असें म्हणून समाधान पावत.

बाराव्या दिवशीं मी भेटीस गेलों. खोलींत पाऊल टाकतांच दुर्गंधि जाणवली. रोग्यास कुशीवर केलें, तों माकडहाडावर तळहाताएवढी काळी जखम दिसली. दोन्ही टांचांवर फोड होते, छातींत घरघर होती व अंगांत ताप होता. सुनेनें ती जखम पाहिली मात्र, आणि तिला रडूं कोसळलें. "मी एकही दिवस चुकविला नाहीं हो!" असें ती पुनःपुन्हा म्हणे. आणि तें अक्षरशः खरें होतें.

त्या घरांत प्रेम उणें नव्हतें, कष्टही उणे नव्हते. उणीव होती ती एवढीच कीं, पडून राहिलेल्या शरीराच्या आंत काय घडतें हें तिला कोणी सांगितलें नव्हतें. तें सांगावें एवढ्याचसाठीं हा पाठ लिहिला आहे. वाचकांनीं तो स्वतः वाचावा व ज्या घरीं असा रोगी असेल तेथें वाचून दाखवावा.

१. मूळ गोष्ट

निरोगी मनुष्य रात्रभर एका कुशीवर निजत नाहीं. झोपेंत त्याचें अंग एका जागीं अवघडलें कीं मज्जातंतु मेंदूस वर्दी देतात, मेंदू स्नायूंस आज्ञा करतो, आणि मनुष्य जागा न होतां कूस पालटतो. सकाळीं त्यास ह्यांतलें कांहीं आठवत नाहीं. दिवसा तो उठतो, चालतो, खोकतो, वांकतो, पाणी पितो. ह्या प्रत्येक हालचालीनें शरीराचें कोणतें ना कोणतें काम होत असतें. आपलें शरीर हालचालीसाठींच घडलेलें आहे.

अर्धांगवायु झाला, कंबरेचें हाड मोडलें, अथवा दीर्घ दुखण्यानें शक्ति गेली, म्हणजे ही हालचाल थांबते. मग मूळ रोगानें केली नसेल एवढी हानि नुसतें पडून राहण्यानें होऊं लागते. कातडी, फुप्फुसें, रक्तवाहिन्या, सांधे, आंतडीं, मूत्राशय ह्या सर्वांस तिची झळ लागते. ह्यास्तव अशा रोग्याच्या शुश्रूषेचें सार एका वाक्यांत सांगतां येईल: जें काम रोग्याचें शरीर आपणहून करीत असे व आतां करूं शकत नाहीं, तें शुश्रूषा करणाऱ्यानें आपल्या हातांनीं करावें. पुढें एकेक इंद्रिय घेऊन हें कसें करावयाचें तें पाहूं.

२. मेंदू व मज्जातंतु

मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या बाजूस चालवितो व उजवा भाग डाव्या बाजूस. मेंदूच्या एखाद्या रक्तवाहिनींत गांठ अडकली किंवा ती फुटली, म्हणजे त्या भागाचें काम बंद पडतें. त्यासच आपण अर्धांगवायु, पक्षाघात अथवा लकवा म्हणतों. वारें लागून किंवा कोणी करणी करून तो होत नाहीं. रक्ताचा वाढलेला दाब, मधुमेह आणि तंबाखू हीं त्याचीं मोठीं कारणें होत.

येथें एक गोष्ट सर्वांनीं पाठ करून ठेवावी. तोंड एका बाजूस ओघळलें, एक हात उचलेनासा झाला, किंवा बोलणें एकाएकीं अडखळूं लागलें, तर घटकाभरही वाट पाहूं नये. महाराष्ट्रांत १०८ ह्या क्रमांकावर दूरध्वनि केला असतां रुग्णवाहिका मिळते. गांठीमुळें झालेल्या पक्षाघातांत ती विरघळविणारें औषध साधारणपणें पहिल्या साडेचार तासांच्या आंतच देतां येतें. रोगी शेवटीं केव्हां ठीक होता ती वेळ लक्षांत ठेवून डॉक्टरांस सांगावी. घरीं असेपर्यंत तोंडावाटें पाणी, औषध किंवा काढा कांहींच देऊं नये. झटका गांठीचा आहे कीं रक्तस्रावाचा हें मेंदूचें चित्र काढल्यावांचून कळत नाहीं, आणि एकाचें औषध दुसऱ्यास घातक होतें.

दुसरी गोष्ट ही कीं, वाचा गेली म्हणजे समजूत गेली असें नव्हे. पुष्कळ रोग्यांस ऐकूं येतें व कळतें. केवळ शब्द बाहेर पडत नाहींत. त्यांच्या उशाशीं बसून जमिनीच्या वांटणीच्या किंवा अंत्यविधीच्या गोष्टी बोलणें हें मोठें क्रौर्य आहे. त्यास हांक मारून, आतां काय करणार तें सांगून, मगच अंगास हात लावावा. होय म्हणावयाचें असल्यास हात दाबावा, नाहीं म्हणावयाचें असल्यास डोळे मिटावे, अशी कांहीं खूण ठरवावी. रोगी कारण नसतां रडूं लागला तर त्यास रागें भरूं नये, कारण तोही ह्या आजाराचाच एक भाग असतो.

३. त्वचा

कातडी हें आपल्या शरीराचें सर्वांत मोठें इंद्रिय आहे. उताणें निजलें असतां डोक्याची मागची बाजू, खांद्यांचीं हाडें, कोपरें, माकडहाड व टांचा ह्यांवर भार येतो. कुशीवर निजलें असतां कान, खुब्याचें हाड, गुडघे व घोटे ह्यांवर येतो. ह्या ठिकाणीं हाड व अंथरूण ह्यांच्या चिमट्यांत कातडी सांपडते. तिच्यांतील केसाहून बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जाऊन तेथें रक्त पोंचत नाहीं, आणि कांहीं तासांत तो भाग मरूं लागतो. कातडीखालचा स्नायु कातडीच्याही आधीं मरतो. म्हणून वर रुपयाएवढी दिसणारी जखम आंत वाटीएवढी असूं शकते. ह्याच जखमांस दवाखान्यांत बेडसोर म्हणतात.

उपाय असा करावा. दर दोन तासांनीं रोग्याची कूस पालटावी: उजवी कूस, मग पाठ, मग डावी कूस. कुशीवर करतांना त्यास अगदीं आडवा खुब्यावर ठेवूं नये; पाठीमागें उशी किंवा घडी केलेली गोधडी देऊन अर्धवट कलता ठेवावा. दोन गुडघ्यांमध्यें मऊ उशी घालावी. उताणा असतांना पोटऱ्यांखालीं लांबट उशी द्यावी, म्हणजे टांचा अधांतरीं राहतात. सरकवितांना ओढूं नये. त्याच्याखालीं दुहेरी चादर घालावी व दोघांनीं दोन बाजूंनीं ती उचलून रोग्यास हलवावें, कारण ओढल्यानें कातडी आंतून फाटते. चादरीवर सुरकुती, भाकरीचा कण किंवा शिवण राहूं देऊं नये.

दररोज दोन वेळां उजेडांत सर्व अंग पाहावें. जेथें लाली दिसेल तेथें बोटानें दाबून बोट उचलावें. तो भाग क्षणभर फिका पडून पुन्हा लाल झाला तर रक्त वाहत आहे. तो पालटलाच नाहीं तर जखमेची पहिली पायरी आली असें समजावें व त्या अंगावर रोग्यास मुळींच निजवूं नये. सांवळ्या वर्णावर लाली उमटत नाहीं. तेथें जांभळट डाग, उष्णता किंवा कठीणपणा हीच खूण होय.

पूर्वीच्या शुश्रूषापुस्तकांत पाठीस स्पिरिट चोळावें व रबरी कड्यावर बसवावें असें सांगत. आतां तें सोडून दिलें आहे. चोळण्यानें दुखावलेली कातडी अधिक दुखावते, स्पिरिटानें ती कोरडी पडते, आणि कड्याच्या कांठांनीं रक्त अडतें. हवेची गादी मिळाल्यास उत्तमच, पण ती असली तरी कूस पालटणें चुकत नाहीं. लघवीनें भिजलेलें वस्त्र ताबडतोब काढावें, अंग पाण्यानें धुवून टिपून कोरडें करावें व वर पातळसें व्हॅसलीन लावावें.

जखम उघडी पडलीच तर तिजवर हळद, राख, चुना किंवा शेण कधींही घालूं नये. एक लिटर पाणी उकळून थंड करावें, त्यांत चहाचे दोन सपाट चमचे मीठ घालावें, त्यानें जखम धुवावी, स्वच्छ कापडानें झांकावी आणि उपकेंद्रांतील परिचारिकेस किंवा डॉक्टरांस दाखवावी.

४. श्वासोच्छ्वास

स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य एका मिनिटांत १२ ते २० वेळां श्वास घेतो. उभें राहिल्यानें व चालल्यानें फुप्फुसें तळापर्यंत फुगतात, आणि खोकल्यानें कफ वर येतो. उताण्या रोग्याच्या फुप्फुसांचा मागचा भाग नीट फुगत नाहीं. तेथें कफ सांचतो व त्यांत जंतु वाढून न्यूमोनिया होतो. ह्यासाठीं रोगी शुद्धीवर असेल तर त्यास दिवसांतून अनेक वेळां बसतें करावें, पांच-दहा दीर्घ श्वास घेण्यास व मग खोकण्यास सांगावें.

ह्याहून मोठें भय भरविण्यांत आहे. घशांत अन्ननलिका व श्वासनलिका ह्यांचीं तोंडें शेजारीं शेजारीं असतात. आपण गिळतों तेव्हां श्वासनलिकेवर पडदा पडतो. पक्षाघातांत ही क्रिया बिघडते, आणि अन्न फुप्फुसांत उतरूं लागतें. कित्येकांस तें उतरत असतां ठसकाही लागत नाहीं. म्हणून इस्पितळांतून निघण्यापूर्वीं "ह्यांस गिळतां येतें काय, व कोणत्या प्रकारचें अन्न द्यावें?" हें विचारल्यावांचून येऊं नये. आपणांस वाटतें कीं पाणी सर्वांत सोपें, परंतु अशा रोग्यास तेंच बहुधा सर्वांत कठीण जातें. दाट पेज किंवा मऊ वरणभात त्यास अधिक सुरक्षित ठरतो.

भरवितांना रोग्यास नीट बसता करावें व हनुवटी किंचित् खालीं असूं द्यावी. निजलेल्या किंवा गुंगींत असलेल्या माणसाच्या तोंडांत कांहींही घालूं नये. अर्धा चमचा घांस धड बाजूच्या गालांत द्यावा, आणि गिळलेला पाहून मगच दुसरा द्यावा. लुळ्या बाजूच्या गालांत घांस राहून जातो, तो जेवणाअखेर बोटास कापड गुंडाळून काढावा. जेवणानंतर अर्धा तास तरी त्यास बसतें ठेवावें. दोन्ही वेळां दांत व जीभ स्वच्छ करावी, कारण तोंडांतील घाणच पुढें छातींत उतरते. नाकांतून नळी घातली असल्यास, ती सरकली असा संशय येतांच तींतून कांहीं न देतां दवाखाना गांठावा.

५. रुधिराभिसरण

हृदय हें पंपाप्रमाणें रक्त शरीरभर फिरवितें, हें विल्यम हार्वे ह्या इंग्रज वैद्यानें १६२८ सालीं ग्रंथ लिहून सिद्ध केलें. विश्रांतींत असतां प्रौढाचें हृदय मिनिटास सुमारें पांच लिटर रक्त पुढें ढकलतें. परंतु पायांतील रक्त वर चढविण्यास हृदय एकटें पुरत नाहीं. आपण चालतों तेव्हां पोटऱ्यांचे स्नायु आवळतात व शिरांतील रक्त वर लोटतात. पाय निश्चल राहिले म्हणजे तें रक्त सावकाश वाहूं लागतें आणि आंत गोठून त्याची गुठळी होते.

एकच पाय सुजला, पोटरी दुखूं लागली किंवा ऊन लागली तर सावध व्हावें. अशा पायास तेल लावून रगडणें हा आपल्याकडील नेहमींचा उपाय येथें प्राणघातक आहे. रगडल्यानें गुठळी सुटून फुप्फुसांत जाऊं शकते. एकाएकीं धाप लागणें व छातींत दुखणें हें त्याचें लक्षण, आणि तेव्हां क्षणाचाही विलंब न करितां इस्पितळांत न्यावें. सूज नसतां मात्र पाऊल खालींवर करण्याचा व्यायाम दर तासास दहा वेळां करावा. रोगी स्वतः करील तर उत्तम, न करील तर आपण त्याचें पाऊल धरून करावें.

पुष्कळ दिवस निजलेल्यास एकदम उभा करूं नये. त्याचें रक्त पायांकडे उतरतें, डोळ्यांपुढें अंधारी येते व तो पडतो. आधीं खाटेच्या कडेस पाय खालीं सोडून कांहीं मिनिटें बसवावें, मग उभें करावें.

६. हाडें, सांधे व स्नायु

प्रौढाच्या शरीरांत २०६ हाडें असतात व तीं सांध्यांनीं जोडलेलीं आहेत. न वापरलेल्या कोयत्यास जसा गंज चढतो तसे न हलविलेले सांधे आंखडतात. एकदां मूठ मिटून आंखडली कीं ती धुणेंही कठीण होतें. म्हणून दिवसांतून दोन-तीन वेळां लुळ्या बाजूचा खांदा, कोपर, मनगट, बोटें, खुबा, गुडघा व घोटा हे सर्व सावकाश पांच ते दहा वेळां हलवावे. दुखूं लागतांच थांबावें, झटका देऊं नये. रोग्यास उचलतांना लुळा हात धरून ओढूं नये, त्यानें खांदा निखळतो. तो हात निजतांना व बसतांना उशीवर टेकलेला असावा. पावलांवर जड वाकळीचा भार टाकूं नये.

७. पचन व मलमूत्र

लहान आंतडें सुमारें सहा मीटर लांब असतें. त्यांतून व पुढें मोठ्या आंतड्यांतून अन्न सरकण्यास पाणी, कोंडा व अंगाची हालचाल तिन्ही लागतात. पडून असलेल्यास मळ कठीण होतो. तीन दिवस शौचास झालें नाहीं तर डॉक्टरांस कळवावें. कधीं कधीं मळाचा खडा तसाच राहून त्याच्या बाजूनें पातळ पाणी झिरपतें. त्यास हगवण समजून बंद करण्याचें औषध दिल्यास उलट अपाय होतो.

दोन मूत्रपिंडें दिवसास सुमारें १८० लिटर द्रव गाळतात, त्यांतील बहुतेक सर्व शरीरास परत देतात, आणि सुमारें दीड लिटर मूत्र बाहेर टाकतात. येथें घरोघरीं होणारी चूक सांगतों. रोगी अंथरूण ओलें करतो म्हणून त्यास पाणीच कमी पाजतात. त्यानें मूत्र दाट होऊन जंतु वाढतात, मळ कठीण होतो, कातडी सुकते व डोकें भ्रमतें. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळें डॉक्टरांनीं मर्यादा घातली नसेल तर दिवसांतून दीड-दोन लिटर द्रव पोटांत जावें. गिळण्यास अडचण असेल तर तें दाट करून किंवा नळीनें, जसें सांगितलें असेल तसें द्यावें. मूत्र गडद पिवळें दिसलें तर पाणी अपुरें पडत आहे असें समजावें.

मूत्रनळी घातली असल्यास पिशवी नेहमीं मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर टांगावी, पण जमिनीस टेकूं देऊं नये. नळी पिळवटूं देऊं नये. स्त्रीरोग्यास धुतांना पुढून मागें धुवावें.

जखम भरून येण्यास व बळ टिकण्यास डाळ, दूध, अंडें, मासे, शेंगदाण्याचें कूट ह्यांसारखें पोषक अन्न अवश्य पाहिजे. "आजाऱ्यास हलकें अन्न" म्हणून महिनोन्महिने नुसत्या भाताच्या पेजेवर ठेवणें म्हणजे त्यास उपाशी ठेवणेंच होय. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांस विचारावें.

८. हात धुणें व वही ठेवणें

१८४७ सालीं व्हिएन्ना शहरांतील एका प्रसूतिगृहांत इग्नाझ सेमेलवाइस ह्या डॉक्टरानें इतर डॉक्टरांस क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुवावयास लावलें, आणि तापानें मरणाऱ्या बाळंतिणींची संख्या झपाट्यानें घटली. तेव्हां जंतूंचें ज्ञानही पुरतें झालेलें नव्हतें. हात धुण्यास विद्वत्ता लागत नाहीं. रोग्यास स्पर्श करण्यापूर्वीं व नंतर, भरविण्यापूर्वीं, आणि मलमूत्र काढल्यावर साबणानें हात धुवावे.

खाटेजवळ एक वही व पेन्सिल बांधून ठेवावी. तींत सकाळसंध्याकाळ ताप, नाडी व श्वास लिहावे. किती वेळां लघवी व शौच झालें, किती पाणी गेलें, कोणत्या वेळीं कोणती कूस दिली हेंही टिपावें. नाडी मिनिटास ६० ते १०० असावी. १००.४ अंशांवर ताप, २० हून पुष्कळ अधिक श्वास, नवी गुंगी, दिवसभर लघवी न होणें, जखमेस दुर्गंधि, यांपैकीं कांहींही दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. वही असली म्हणजे रात्रीं जागलेल्या मुलास दिवसा राबणारी सून काय करून गेली तें कळतें, आणि डॉक्टरांसही अंदाजानें औषध द्यावें लागत नाहीं.

९. शुश्रूषा करणाऱ्याची शुश्रूषा

दर दोन तासांनीं म्हणजे चोवीस तासांत बारा वेळां. हें एका बाईचें काम नव्हे. आमच्या घरांत तें बहुधा एका बाईवरच पडतें. तिची पाठ धरते, झोप उडते, स्वभाव चिडका होतो, आणि वर तिलाच बोल लागतो. पुरुषांनीं रात्रीच्या दोन पाळ्या तरी उचलाव्या. बापाची कूस पालटण्यांत मुलास कमीपणा कसला?

आणि भेटीस जाणाऱ्यांसही एक विनंति आहे. आपण आजाऱ्यास पाहावयास जातों, दोन शब्द धीराचे बोलतों, प्रार्थना करतों, चहा घेतों व परततों. त्याऐवजीं जातांच विचारावें, "कूस केव्हां पालटली होती?" वेळ झाली असेल तर चादरीचें दुसरें टोंक आपण धरावें. एखाद्या रात्रीं खाटेशीं आपण बसून त्या घरच्या बाईस निजावयास पाठवावें. दहा घरांनीं आठवड्यांतून एकेक पाळी वांटून घेतली तर त्या घरावरील भार केवढा हलका होईल!

त्या वृद्धाचें पुढें काय झालें हें सांगून पाठ संपवितों. त्यास पुन्हा इस्पितळांत न्यावें लागलें. न्यूमोनिया औषधांनीं उतरला. जखमेंतील मेलेला भाग कापून काढला. थोरली सून तेथें राहून परिचारिकेपाशीं सर्व शिकली. घरीं आल्यावर तिनें भिंतीवर कोळशानें बारा रेघा ओढल्या, आणि कूस पालटली कीं एक रेघ खोडावयाची असा नियम घातला. रात्रीच्या चार रेघा दोन्ही मुलांनीं वांटून घेतल्या. जखम भरून येण्यास चार महिने लागले. वाचा पुरती आली नाहीं, उजवा हात लुळाच राहिला. तथापि पुढच्या पेरणीच्या वेळीं तो म्हातारा ओसरीवर खुर्चींत बसून डाव्या हातानें मुलांस तिफण कोठें वळवावी तें दाखवीत होता. शेजाऱ्यांनीं सुनेस विचारलें कीं असें कोणतें औषध दिलेंस? तिनें भिंतीकडे बोट दाखविलें.

अभ्यासाचे प्रश्न

१. निरोगी मनुष्य झोपेंत कूस कां पालटतो? पक्षाघातानें तें कसें थांबतें?
२. उताणें निजलेल्या रोग्याच्या कोणत्या जागा रोज तपासाव्या? सांवळ्या कातडीवर कोणती खूण पाहावी?
३. भरवितांना रोग्यास बसतें कां करावें? पाणी देतांना कोणती सावधगिरी ठेवावी?
४. एकच पाय सुजला असतां काय करावें, आणि काय मुळींच करूं नये?
५. अंथरूण ओलें होतें म्हणून पाणी कमी पाजल्यास कोणते अपाय होतात?
६. आपल्या गांवांत सध्यां कोण अंथरुणास खिळलेलें आहे? त्यांच्याकडील रात्रीची एक पाळी आपण कोणत्या दिवशीं घ्याल?